माहेर निलंगा

आमच्या घरात माझ्या थोरल्या जावेला सगळे भोळी म्हणायचे. वेडी म्हणत नव्हते, एवढी माणुसकी होती. पाहुणे आले की सासूबाई आधीच सांगून ठेवायच्या, "आमची थोरली भोळी हाय, तिच्या बोलण्याचं मनावर घिऊ नका." मग ती माउली काही बोलली तरी लोक हसून मान हलवायचे आणि बोलली नाही तरी हसून मान हलवायचे. मी लग्न होऊन आले तेव्हा मलाही पहिल्याच आठवड्यात हे सांगितलं गेलं. घरातली कुठली शेगडी गळते आणि बोअरचं पाणी कधी येतं, ते सांगतात ना, तसं.

त्यांचं नाव कमलम्मा. घरात कमल. मी त्यांना अक्का म्हणते.

आम्ही उदगीरचे. मोंढ्यात आडतीचं दुकान आहे. ते थोरले दीर सिद्धलिंगआप्पा बघतात आणि माझे यजमान अमरनाथ त्यांच्या हाताखाली असतात. मी मुखेडची शिवकांता. तोंडाने फटकळ आहे असं लोक म्हणतात, आणि लोक खोटं बोलत नाहीत. अक्का मात्र बीदरच्या पलीकडच्या एका खेड्यातल्या. घरी कानडी, शेजारी कानडी, महादेवाच्या देवळातली आरतीसुद्धा कानडी. एकोणिसाव्या वर्षी उदगीरला आल्या तेव्हा त्यांना मराठीचे चार शब्द येत होते, आणि त्यातले दोन बसच्या पाटीवर वाचलेले.

सासूबाईंनी त्यांना उंबऱ्यातच बजावलं होतं, "या घरात ती बोली नको. पोरं धड इकडची होत न्हाईत, धड तिकडची होत न्हाईत." सासूबाईंचं नाव काय, तर पार्वतम्मा! त्यांच्या पाळण्यातली गाणी कानडीच असणार. पायाला ठेच लागली की त्यांच्या तोंडून 'अय्यो अव्वा' निघायचं आणि मग त्या इकडंतिकडं बघायच्या, कुणी ऐकलं तर नाही ना म्हणून. आपण जे पुसून टाकलंय ते दुसरीच्या तोंडात दिसलं की माणसाला फार राग येतो.

अक्कांची पोरगी वर्षाराणी बोलायला लागली तेव्हा अक्का तिला मांडीवर घेऊन 'अव्वा' म्हणायला शिकवत होत्या. सासूबाईंनी पोर उचलून घेतली. "आई म्हण गं बाळा, आई." पोर आई म्हणाली. पुढे सगळी मराठीच बोलली, शाळेत पहिली आली, लातूरला जाऊन शिकली. आईशी तिचं बोलणं म्हणजे "आई, भूक लागली" आणि "आई, माझा ड्रेस कुठंय." अक्कांना यापलीकडचं झेपत नव्हतं.

कारण अक्कांची मराठी म्हणजे स्वयंपाकघरातली मराठी. आण, ठेव, वाढ, झालं, हाव, न्हाई, चहा टाकू का. एवढ्यावर त्यांनी पंचवीस वर्षं संसार केला. पण टोमणा मारायला, हट्ट करायला, संशय घ्यायला, एखाद्याला खोटं पाडायला जी मराठी लागते ती त्यांना कुणी दिलीच नव्हती. आणि जिला भांडता येत नाही ती भोळी, असा आपल्याकडचा हिशेब आहे.

आता आप्पांचं सांगते. त्यांना बायको कानडी असल्याची लाज वाटायची. मोंढ्यात पलीकडचे शेतकरी माल घेऊन यायचे, ते मराठीच बोलायचे, कारण गरज त्यांची होती. आप्पांना कानडी म्हणजे असेच गरजू लोक वाटत. कुणी विचारलं, वहिनींचं माहेर कुठलं, तर आप्पा सांगायचे, "निलंगा." अक्कांचे एक मामा निलंग्यात राहायचे, तेवढ्या आधारावर. सांगून सांगून ते आप्पांना स्वतःलाच खरं वाटायला लागलं होतं. वर्षाराणीचा बायोडाटा छापला तेव्हा त्यातही मामकुळापुढं निलंगाच आलं. अक्कांनी तो कागद हातात घेतला, वरचा गणपती बघितला, नमस्कार केला आणि परत दिला.

तीन वर्षांपूर्वी अक्कांचा भाऊ वारला. पुरुषांपैकी कुणाला सवड नव्हती, म्हणून सोबत मला धाडलं. भालकीच्या गाडीत आम्ही बसलो. वाटेत एका ठिकाणी दुकानांच्या पाट्या बदलल्या. तिथून पुढं माझ्या शेजारी बसलेली बाई बदलली. अक्का कंडक्टरशी बोलायला लागल्या. तो काहीतरी उर्मट बोलला असावा, कारण अक्कांनी एक वाक्य टाकलं आणि मागच्या तीन बाकांवरची माणसं खो खो हसली. कंडक्टर ओशाळून पुढं गेला. मी अक्कांकडे बघतच राहिले. आमच्या घरात त्यांच्या बोलण्यावर लोक हसायचे, पण हे हसणं निराळं होतं.

गावात तर विचारू नका. दुःखाचं घर, पण अक्का आल्या म्हटल्यावर गल्लीतल्या बाया गोळा झाल्या. रडून झाल्यावर अक्का भावाच्या आठवणी सांगायला लागल्या. त्यांचा आवाजसुद्धा वेगळा होता, छातीतून येणारा. आधी बाया डोळे पुसत होत्या, मग डोळे पुसता पुसता हसायला लागल्या. दुसऱ्या दिवशी दोन भावजयांत अक्कांच्या म्हाताऱ्या आईला कुणी सांभाळायचं यावरून जुंपली. तिथले कारभारी लोक गप्प बसलेले. अक्का मधे उभ्या राहिल्या, एकीला काहीतरी सुनावलं, दुसरीला जवळ घेतलं, आणि अर्ध्या तासात धाकटीने म्हातारीची वळकटी आपल्या खोलीत नेली. मला एक शब्द कळत नव्हता. मी भिंतीला टेकून बसले होते. लोक माझ्याशी मोठ्याने आणि सावकाश बोलत होते, एका म्हातारीने माझ्या गालावरून हात फिरवला. परतताना मी विचारलं, "अक्का, ती गालावरून हात फिरवणारी म्हातारी माझ्याकडं बघून काय म्हणाली?"

अक्कांनी पदर तोंडाला लावला. मग हसू दाबत म्हणाल्या, "तुमची जाऊ भोळी हाय म्हणं, बिचारी."

उदगीरच्या स्टँडवर उतरलो. अक्कांनी पदर डोक्यावर ओढला, पिशवी काखेला घेतली, आणि माझ्या डोळ्यांदेखत ती बाई बारीक झाली. रिक्षावाल्याने जास्त मागितले तर माझ्याकडं बघायला लागल्या. मला इतका संताप आला की त्या रिक्षावाल्यालाच मी चार गोष्टी सुनावल्या. त्या गरिबाचा काय दोष होता?

पुढच्या वर्षी वर्षाराणीला स्थळ आलं. मध्यस्थ अण्णाराव. हा माणूस दोन्हीकडच्या सोयरिकी जमवतो. मुलगा बीदर जिल्ह्यातला, हैदराबादला कंपनीत. त्याचं नाव मी घेणार नाही. फोटो चांगला, पगार चांगला, आपल्यातलेच लोक. आप्पा हरखून गेले. अण्णारावाने पलीकडं सांगून ठेवलं होतं, घर अस्सल मराठी आहे, मुलीचं मामकुळसुद्धा निलंग्याचं.

बघायला आले तेव्हा पुरुष बैठकीत बसले, आणि मुलाची आई व आत्या आतल्या खोलीत. आमच्याशी त्या मराठीतच बोलत होत्या, गोड बोलत होत्या. अक्का चुरमुऱ्यांचा सुशीला वाढत होत्या, मी पाणी देत होते. त्या दोघी आपसांत मात्र कानडीत बोलत होत्या, अगदी मोकळेपणानं, जसं आपण गाईसमोर बोलतो. मराठी घर म्हटल्यावर कुणाला कळणार होतं?

मी बघितलं, अक्कांचा चमचा ताटलीवर थांबला. आत्या काहीतरी पुटपुटली होती, आणि मुलाच्या आईने तिला डोळ्याने दटावलं होतं. अक्कांनी चमचा ठेवला आणि स्वयंपाकघरात गेल्या. मी मागं गेले तर ओट्याला धरून उभ्या.

"शिवकांता, न्हाई," त्या म्हणाल्या. "नको. पोरगी नको देऊ."

"काय झालं, अक्का?"

"ती हाय. तिकडं. हैदराबाद." त्यांनी हाताने पोट दाखवलं, मग हात खाली नेऊन लहान मुलाची उंची दाखवली. "ती गप बसंल का, म्हणं. ती आत्या म्हणाली. आकी सुम कुंद्रताळेनु, म्हणं. लग्नानंतर ती गप बसंल का."

मला समजायला वेळ लागला नाही. हैदराबादला त्याची बाई होती, मूल होतं, आणि घरच्यांनी ते झाकून जातीतली सून शोधायला घेतली होती. मी अमरनाथांना मोरीकडं बोलावून सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. पाहुण्यांना अण्णारावासोबत देवाला पाठवलं आणि त्यांनी आप्पांच्या कानावर घातलं. आप्पा म्हणाले, "तिचं काय ऐकता? एकाचं एक ऐकती ती." पण अमरनाथांनी धरून ठेवलं, अण्णारावाला फोन केला. तेव्हा अण्णाराव पाहुण्यांना देवळात बसवून एकटाच परत आला आणि बैठकीत अक्कांना बोलावलं.

अक्का दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या. मी त्यांच्या मागं.

अण्णाराव शांत आवाजात म्हणाला, "वहिनी, तुमी काय ऐकलं म्हणता? आणि ते कानडीत बोलत हुते की. तुमी तर निलंग्याच्या ना?"

मग त्याने आप्पांकडं बघितलं. आम्ही सगळ्यांनीच आप्पांकडं बघितलं. त्या माणसाला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. माझी बायको बीदरकडची आहे, तिला कानडी येतं. एवढंच. बोलले असते तर खोटं बोलल्याची थोडी लाज वाटली असती, अण्णाराव चार ठिकाणी हसला असता, आणि पोरगी वाचली असती.

आप्पा हसले. "हाव, निलंग्याचीच हाय. तिला कुठलं आलंय कानडी?"

अक्कांनी नवऱ्याकडं बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आश्चर्य होतं. पंचवीस वर्षं त्यांनी बोली गिळली होती, ती मागं आपलं गाव तरी आहे या भरवशावर. ते गावच त्यांच्या देखत काढून घेतलं. त्यांनी तोंड उघडलं. मराठीत काही सुचेना. ओठ नुसते हलले. आणि मग ते आलं, छातीतल्या आवाजात, बसमध्ये ऐकला होता त्या आवाजात, "अवरु एनंदरु अंदरा..."

"चहा टाक," आप्पा म्हणाले. मोठ्याने.

अक्का थांबल्या. पंचवीस वर्षांची सवय होती ती. पाय आपोआप आत वळले.

मी मात्र तशी नाही. मी म्हणाले, "आप्पा, मी स्वतः अक्कांच्या माहेरी चार दिवस राहून आले. बीदरच्या पलीकडं हाय ते. अण्णाराव, तुमाला कानडी येतं, तुमीच विचारा त्यांना." थोरल्या दिरासमोर मी असं कधी बोलले नव्हते. अमरनाथ म्हणाले, "शिवकांता, आत जा." ज्या माणसाने थोड्या वेळापूर्वी विषय काढला होता तोच माणूस. भावाचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, एवढंच त्यांना शिकवलंय.

अण्णारावाला कळलं होतं. मी त्याचा चेहरा बघितला. अक्कांचे ते तीन शब्द, 'त्या काय म्हणाल्या म्हणजे', त्याला नीट कळले होते. पण त्याने हात झटकले आणि म्हणाला, "घरच्या बायांचा आधी मेळ घाला, आप्पा. मी पाहुण्यास्नी होकार सांगतो." आणि अक्कांनी टाकलेला चहा पिऊन गेला.

वर्षाराणीला मी सांगितलं. ती मोबाईलमध्ये त्याचा फोटो बघत होती. म्हणाली, "काकू, आईला मराठीच धड कळत नाही. त्या लोकांचं काहीतरी ऐकलं असेल नि काहीतरी समजली असेल." मग आईच्या गळ्यात हात टाकून हसली. "आई, तू पण ना, भोळी ती भोळीच." अक्का तिच्या केसांवरून हात फिरवत राहिल्या. त्यांच्याजवळ त्या वेळी काय काय बोलायचं असेल, मी त्याचा अजून विचार करते.

लग्न थाटात झालं. बायोडाट्यातलं निलंगा पत्रिकेवरही आलं. मामा म्हणून निलंग्याचे ते म्हातारे मामाच उभे राहिले, अंगात नवा सदरा. अक्कांच्या माहेरून कुणाला बोलावलं नव्हतं. म्हातारी आई तेव्हा जिवंत होती.

सात महिन्यांनी वर्षाराणी एका पिशवीसह एसटीने परत आली. नवऱ्याने तिला गावाकडं सासूजवळच ठेवलं होतं, आणि शेवटी पोरीने हैदराबादचं घर डोळ्याने बघितलं होतं. ती बाई वाईट नव्हती म्हणे. तिने पोरीला पाणी दिलं आणि दोघी रडल्या.

आमच्याकडं मग माणसांची रीघ लागली. आप्पा प्रत्येकाला सांगायचे, "फसवलं हो आमाला. कुणाला काय कळणार हुतं? आपल्याला त्यांची भाषा येत न्हाई, घरात कुणालाच येत न्हाई." हे ते अक्कांसमोर सांगायचे. लातूरच्या वकिलाने विचारलं, लग्नाआधी कुणी काही ऐकलं होतं का, तर आप्पा म्हणाले, "न्हाई." अक्का भाकरी थापत होत्या. तव्यावरची भाकरी करपली तरी त्यांनी उलटली नाही. मी उलटली.

वर्षाराणी बोलत नव्हती. आल्यापासून भिंतीकडं तोंड करून पडून राहायची. शेजारणी यायच्या, समजूत घालायच्या, बाहेर जाऊन बडबडायच्या. अक्का तिच्याजवळ बसायच्या. बोलायचं म्हणून तोंड उघडायच्या आणि त्यातून निघायचं ते "जेव." थोड्या वेळाने पुन्हा "जेव, बाळा." आईच्या मनात काय उकळत होतं कुणास ठाऊक, पण बाहेर यायला तेवढीच वाट होती.

एके दिवशी दुपारी मी मेथी निवडत होते. आप्पा बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते. अक्का ताट घेऊन पोरीजवळ गेल्या. दमल्या असतील, किंवा पोर अशी पडलेली बघून त्यांचा ताबा सुटला असेल. त्या कानडीत म्हणाल्या, "ऊटा आतेनु?" जेवण झालं का, एवढाच अर्थ. मलाही तेवढं त्यांच्या माहेरी कळायला लागलं होतं. बोलून गेल्यावर त्या दचकल्या आणि दाराकडं बघायला लागल्या.

भिंतीकडं तोंड करूनच वर्षाराणी म्हणाली, "इन्ना इल्ला, अव्वा."

अजून नाही, आई.

माझ्या हातातली मेथी तशीच राहिली. अक्कांनी ताट खाली ठेवलं. त्यांना जन्मात कुणी अव्वा म्हटलं नव्हतं. मांडीवरच्या ज्या पोरीला शिकवायला घेतलं होतं आणि काढून घेतलं होतं, तीच आज म्हणाली. अक्कांचा चेहरा असा उजळला की मी या घरात तो तसा कधी बघितला नव्हता. त्या पोरीला कुशीत घेऊन भराभर बोलायला लागल्या, एवढ्या वर्षांचं सगळं एकदम.

पोर थोडा वेळ ऐकत राहिली. मग म्हणाली, "आई, हळू. मला एवढं न्हाई येत."

"काय येतं?" अक्कांनी मराठीत विचारलं.

वर्षाराणीने बोटांवर मोजत सांगितलं. नीर ता, पाणी आण. सुम कुंद्र, गप बस. होरग होगु, बाहेर जा. जेवण झालं का, हे तिथं सासू आपल्या मुलाला विचारायची, तिला नाही. आणि अव्वा, सासूला म्हणायचं. "एवढंच शिकवलं त्यांनी," ती म्हणाली.

अक्कांचा चेहरा हळूहळू विझला. पोरीने ही भाषा कुठून आणली होती ते त्यांना तेव्हा कळलं. पंचवीस वर्षांत आमच्या घराने त्यांना जेवढी मराठी दिली, तेवढीच कानडी त्या घराने सात महिन्यांत त्यांच्या लेकीला दिली होती.

पोरीने मान वर करून आईकडं बघितलं. मग म्हणाली, "आई, तुला असंच हुतं का गं? इतकी वर्षं?"

अक्का म्हणाल्या, "हाव."

बाहेरून आप्पांचा आवाज आला, "काय म्हणती पोरगी? जेवली का?"

 अक्कांनी घास केला, पोरीच्या तोंडाशी नेला आणि कानडीतच, हळू हळू, एकेक शब्द सुटा करून बोलायला लागल्या, लहान मुलाला शिकवतात तसं. आप्पा दारात येऊन उभे राहिले. दोघींनी वर बघितलंसुद्धा नाही.

"काय बोलायल्यात ह्या?" त्यांनी मला विचारलं.

मी म्हणाले, "मला काय ठाऊक, आप्पा? आपल्या घरात कुणालाच येत न्हाई ती भाषा."